कोल्हारच्या साळवे सरांचे बेचाळीस हजार

माझ्या जुन्या साहेबाने कोल्हारच्या साळवे सरांचे बेचाळीस हजार रुपये खाल्ले. सरांच्या हातातून ते पैसे मी घेतले आणि साहेबाच्या टेबलावर मीच ठेवले. त्यामुळे या प्रकरणात मी साक्षीदार आहे, आणि थोडाफार आरोपीही.

हे मला कळलं सात वर्षांनी, सरांची मुलगी रूथ गिऱ्हाईक म्हणून माझ्यासमोर बसली तेव्हा.

माझं ऑफिस कोपरगावात, एका मेडिकलच्या वर, दहा बाय बाराची खोली. कर्ज थकलेल्या माणसाच्या वतीने बँकेशी बोलायचं, रक्कम खाली आणायची आणि मिटल्याचा कागद त्याच्या हातात पाडायचा, हा माझा धंदा. याला सेटलमेंट म्हणतात. त्याआधी सहा वर्षं मी समोरच्या बाजूला होतो. रिकव्हरी एजंट. बँक वसुलीचं काम एजन्सीला देते, एजन्सी आमच्यासारखी मोटारसायकलवाली माणसं ठेवते, आणि आम्ही लोकांच्या दारात जाऊन उभे राहतो. माझे आईबाप पाथर्डीचे. दरसाल ऊसतोडीला कोपरगावच्या पट्ट्यात यायचे. मुकादमाशी घासाघीस करताना बाप दरवेळी हरायचा, आणि मी टोळीच्या गाडीवर बसून ते बघायचो. आपण हरायचं नाही, हे तिथेच ठरलं. बारावीच्या पुढे शिक्षण नाही, कुठे ओळख नाही. तोंड होतं. त्यावर दोन खोल्यांचं घर बांधलं.

रूथ साळवे नर्स. वय बत्तीस. पुण्याच्या हॉस्पिटलात ड्यूटी करत करत दोन वर्षं जर्मन शिकली होती. जर्मनीतल्या एका हॉस्पिटलात नोकरी मिळाली होती, व्हिसा झाला होता, तिकीट बावीस दिवसांवर होतं. आणि हातात नोटीस होती. तीन लाख अडतीस हजार.

"कार्ड कधीचं?" मी विचारलं.

"पहिल्या नोकरीतलं. मम्मी आजारी पडली तेव्हा वापरलं. साठ हजारांचं लिमिट होतं, सगळं हॉस्पिटलात गेलं."

"मग मिनिमम भरत राहिलात."

"तुम्हाला कसं कळलं?"

मला सगळ्यांचंच कळतं. कार्डाच्या बिलावर दोन आकडे असतात. एक पूर्ण रक्कम, एक 'मिनिमम'. मिनिमम भरलं की फोन येत नाही, म्हणून माणसाला वाटतं आपण फेडतोय. तो फेडत नसतो. व्याजाला चहापाणी करत असतो. वर्षभराने मुद्दल जवळजवळ जिथल्या तिथे उभं.

"मम्मी गेली," रूथ म्हणाली. "मी दोन महिने घरी होते. भरणं थांबलं. साठाचे अठ्ठ्याण्णव झाले. मग घरी एजंट आला, त्याने बेचाळीस हजारांत मिटवायचं कबूल केलं. मी पप्पांच्या खात्यावर पैसे पाठवले. पप्पांनी भरले." ती थांबली. "भरले, असं पप्पा म्हणतात."

"पावती?"

"नाही."

"बँकेचं पत्र?"

"नाही. बँक म्हणते, असे पैसे कधी आलेच नाहीत. पप्पांच्या पासबुकात बेचाळीस हजार काढल्याची नोंद आहे. पुढे ते कुठे गेले त्याचा काही कागद नाही."

मी पेन खाली ठेवलं. माझ्या धंद्यात लोक सांगतात ते ऐकायचं असतं, आणि सांगता सांगता जिथे थांबतात तेही.

"माझा एक भाऊ आहे," ती नोटिशीकडे बघत म्हणाली. "तेव्हा त्याचं बरं चाललेलं नव्हतं."

एवढंच. पुढे मीही विचारलं नाही. पैसे भावाकडे तर गेले नाहीत ना, हा एक प्रश्न बापाला न विचारता सात वर्षं ही मुलगी दर महिन्याला घरी येत होती, जेवत होती, परत जात होती.

वसुलीवाल्यांनी तिला फोनवर सांगितलं होतं की एअरपोर्टवरून उचलू. मी हसलो. कार्डाचं कर्ज थकलं एवढ्याने एअरपोर्टवर कोणी कोणाला उचलत नाही. ते दिवाणी प्रकरण. त्यातही शेवटचा भरणा होऊन तीन वर्षं उलटली की कोर्टात त्यांचा दावा टिकणं अवघड. मी तिला सरळ सांगितलं, "त्यांना काहीही लिहून देऊ नका. 'भरीन' हा शब्द तर अजिबात नाही, नाहीतर मेलेल्या दाव्यात जीव येतो. रुपाया न भरता विमानात बसता येईल तुम्हाला."

"मी बसेन. फोन पप्पांना येतील. त्यांनी आत्ताच एफडी मोडायचा फॉर्म आणून ठेवलाय. माझ्यामागे ते तीन लाख भरून मोकळे होतील." तिने फाइल माझ्याकडे सरकवली. "मला सूट नकोय. पैसे भरले होते, असं लिहिलेला कागद पाहिजे. खरंच भरले असतील तर."

"एजंटचं नाव?"

"पप्पांच्या लक्षात नाही. चांगला माणूस होता म्हणतात."

चांगला माणूस! रिकव्हरी एजंटला असं म्हणणारा माणूस मला बघायचाच होता.

दुसऱ्या दिवशी नगर-मनमाड रस्त्याचे खड्डे मोजत मी कोल्हारला गेलो. हा माझा जुना पट्टा. राहुरी, कोल्हार, बाभळेश्वर. पण सहा वर्षांत हजारभर दारं झाली असतील, सगळी कुठे ध्यानात राहतात? घर शाळेच्या मागच्या गल्लीत होतं. निळी जाळी, अंगणात चिकू. फाटकाच्या कडीला हात लावला आणि काहीतरी झालं. ते फाटक नुसतं ढकलून उघडत नाही. खालून उचलून मग ढकलावं लागतं. ते मला कोणी सांगितलं नव्हतं. हाताने आपोआप उचललं.

साळवे सर व्हरांड्यात उभे होते. मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक, सत्तरीचे, पांढरा शर्ट वरच्या बटणापर्यंत लावलेला.

"सलाम. या," ते म्हणाले. मग चष्म्यातून नीट बघून म्हणाले, "तेव्हा बारीक होतात तुम्ही."

रूथ दारात होती. "पप्पा, तुम्ही ओळखता यांना?"

"न ओळखायला काय झालं? आपल्याकडे जेवून गेलेत. वांग्याची भाजी होती. मी केलेली, म्हणजे बरी नव्हती. तरी तीन भाकरी खाल्ल्या यांनी."

"हे..."

"हेच ते. कार्डाचे पैसे यांच्याच हातात दिले मी."

रूथने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. दुसरं काय करणार? ती पाणी आणते म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आतून भांड्याचाही आवाज आला नाही.

आता मला सगळं आठवलं. मी त्या दारात आवाज चढवायला गेलो होतो. तेच माझं काम. शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं बोलायचं, म्हणजे माणूस लवकर भरतो. सरांनी मला बोलू दिलं, मग म्हणाले, उन्हातून आलात, आधी दोन घास खा. बायको जाऊन वर्ष झालेला माणूस स्वतः भाकरी थापत होता. मी जेवलो आणि रक्कम अठ्ठ्याण्णववरून बेचाळीसवर आणली. खाल्ल्या अन्नाला जागलो असंच मला वाटलं होतं. चार दिवसांनी जाऊन पैसे घेतले.

"आणि पावती?" रूथ बाहेर आली होती. तोंड धुतलेलं. प्रश्न मला होता.

बँकेच्या नियमाने एजंटला छापील नंबर असलेलं पावतीपुस्तक मिळतं. रोख घेतली की जागेवर पावती फाडायची. पण साहेबाने, म्हणजे एजन्सीच्या मालकाने, आम्हाला सांगून ठेवलं होतं, सेटलमेंटला पावती फाडायची नाही, बँकेचं पत्र पंधरा दिवसांत कुरिअरने परस्पर जातं. साहेब सांगतो म्हणजे तसंच असणार. मी सरांना तेच सांगितलं होतं. आता रूथलाही तेच सांगितलं.

"पण पप्पा, तुम्ही तरी मागायची ना!"

"घरी जेवलेल्या माणसाकडे पावती मागायची? कसं दिसतं ते?"

"नंतर फोन करायचा."

"केला ना. नंबर बंद."

नंबर बंद, कारण सिम एजन्सीचं होतं. सरांचे पैसे जमा केल्यावर पंधरा दिवसांत मी साहेबाशी भांडून बाहेर पडलो. माझं चार महिन्यांचं कमिशन, एकसष्ट हजार, त्याने बुडवलं होतं. नगरच्या ऑफिसात मी खुर्ची आपटली. त्याने सिम काढून घेतलं, माझी डायरी ठेवून घेतली. सात वर्षं मी ते एकसष्ट हजार रोज मोजले. ज्याने माझे बुडवले त्याने माझ्या हातून आणखी कोणाचे बुडवले असतील, हे एकदाही डोक्यात आलं नाही.

"चूक माझीच आहे," सर म्हणाले. "पत्र आलं नाही हे रूथला सांगायला हवं होतं. वाटलं, आज येईल, उद्या येईल. मी उद्या एफडी मोडतो."

माझं डोकं फिरलं. "एफडीला हात लावायचा न्हाई! तुमी एकदा भरलंय. दुसऱ्यांदा एक रुपाया द्यायचा न्हाई कुनाला!"

"हळू बोला. शेजारच्या बाई आजारी आहेत." मग शांतपणे, "तुमची फी किती?"

"फी नाही."

"मग मी दुसरा माणूस बघतो. फुकटचं काम मन लावून होत नाही."

"बरं, पाचशे."

"पाचशेत पेट्रोल येत नाही. दोन हजार."

"सातशे."

"पंधराशे. मी सेवानिवृत्त आहे, भिकारी नाही."

आयुष्यभर घासाघीस केली, पण स्वतःचा भाव खाली ओढायची वेळ पहिल्यांदाच आली. अकराशेवर ठरलं. रूथ व्हरांड्याच्या खांबाला टेकून हसत होती.

आता पुरावा. एजंट म्हणून माझा शब्द होता. बँकेच्या लेखी एजंटच्या शब्दाची किंमत मला चांगली माहीत होती. पैसे नक्की कोणत्या दिवशी दिले, ती तारीख कुठेतरी लिहिलेली मिळाली तर त्या महिन्यात रूथची फाइल कोणाकडे होती हे बँकेला शोधावंच लागलं असतं. सरांच्या पासबुकात पैसे काढल्याची तारीख होती. दिल्याची नव्हती.

"शनिवारी दिले," सर म्हणाले. "दुसऱ्या दिवशी मी उपकारस्तुती दिली होती."

मला कळेना. रूथने सांगितलं. त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, घरात काही चांगलं झालं की रविवारच्या उपासनेत देवाचे आभार म्हणून दान देतात. वाढदिवस, परीक्षा, ऑपरेशन, काहीही. पाळकसाहेब नाव आणि कारण मोठ्याने वाचतात, आणि ते वहीत लिहिलं जातं.

"वह्या राहतात?"

"मंडळीत काही टाकून देत नाहीत," सर म्हणाले.

तिघं चालत चर्चला गेलो. पाळकसाहेबांनी लोखंडी कपाट उघडलं. त्यातून सात वर्षांपूर्वीची वही निघाली, कापडी पाठीची, वाळवीने एक कोपरा खाल्लेली. सरांनी पान उलटत उलटत बोट ठेवलं. निळ्या शाईत होतं: 'श्री. साळवे सर. कन्या रूथ हिचे कार्डाचे कर्ज काल फिटल्याबद्दल. रु. २०१.'

रूथने ते दोनदा वाचलं. "पप्पा, हे सगळ्यांसमोर वाचून दाखवलं?"

"हो."

"सगळ्या मंडळीला कळलं की माझ्यावर कर्ज होतं?"

"फिटल्याचं कळलं. त्यात लाजायचं काय?"

तिने वहीच्या पानावर हात ठेवला. मग हळूच म्हणाली, "माझ्या मनात काय काय येऊन गेलं, पप्पा."

"माहीत होतं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"तू विचारलं नाहीस."

पाळकसाहेब आणि मी खिडकीबाहेर बघायला लागलो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

वहीचा फोटो, पासबुक, रूथने पाठवलेल्या पैशांचं स्टेटमेंट, एवढं जमलं. राहिलं माझं प्रतिज्ञापत्र. स्टॅम्प पेपरवर शपथेने लिहून द्यायचं, की अमुक एजन्सीचा एजंट म्हणून मी ही रक्कम रोख घेतली, एजन्सी मालकाच्या सांगण्यावरून पावती दिली नाही, आणि रक्कम त्याच दिवशी मालकाच्या हातात दिली. कोपरगाव कोर्टातल्या माझ्या ओळखीच्या वकिलाने मसुदा वाचून चष्मा काढला.

"शुद्धीवर आहेस का? पैसे घेतले हे तू लिहून देतोयस. मालकाला दिले याचा पुरावा काय?"

"नाही."

"म्हणजे उद्या बँक म्हणेल, तूच खाल्लेस."

"म्हणू दे."

म्हणू दे म्हटलं खरं, पण तो कागद दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. माझ्या धंद्यात नाव एकदा गेलं की गिऱ्हाईक जिना चढत नाही. तिसऱ्या दिवशी नोटरीसमोर सही केली आणि सगळं बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल केलं. एक प्रत वसुली कंपनीला.

ही वसुली कंपनी कुठून आली, ते सांगतो. बँक वर्षानुवर्षं न वसूल झालेली कर्जं गठ्ठ्याने विकते, रुपयाला काही पैसे या भावात. घेणारी कंपनी मग पूर्ण रुपयासाठी फोन करते. तिच्या ठाण्याच्या मॅनेजरचा मला फोन आला. नाव देसाई, आवाज गोड.

"सर, तुमचा मेल बघितला. मॅडम फॉरेनला चालल्यात, आम्हालाही आनंद आहे. तीन अडतीसचे ऐंशी करून टाकू."

"शून्य."

"सर, शून्याची सेटलमेंट नसते. चाळीस?"

"शून्य."

"पंचवीस. लास्ट. आज भरा, आज एनओसी." एनओसी म्हणजे आता आमचं तुमच्याकडे काही येणं नाही, असं पत्र.

"देसाई, मी तुमच्याच लाइनीत सहा वर्षं काढली. तुम्ही पंचवीसला लास्ट म्हणता, म्हणजे तुमच्याकडे पंधराची परमिशन आहे."

पलीकडे कीबोर्डचा आवाज. मग, "पंधरा करू का सर?"

"शून्य. आणि पैसे आधीच भरले होते, असं पत्रात लिहून."

"ते आम्ही कसं लिहिणार? आम्ही फाइल विकत घेतलीय. आधीचं आम्हाला काय माहीत?"

मी जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही. खालच्या मेडिकलवाल्याने जिन्यात येऊन विचारलं, "सगळं ठीक हाय ना वर?"

संध्याकाळी रूथला सांगितलं. तिकिटाला दहा दिवस होते.

"पंधरा मी भरते," ती म्हणाली. "मिटवून टाका."

"अजिबात नाही! एकदा भरलेलं कर्ज..."

"ऐका तरी. पप्पांनी पैसे दिले होते, हे मला कळलं. पंधरा हजार देऊन त्यांचे फोन बंद होत असतील तर मला चालेल."

"मला चालणार नाही!"

"भाऊ," ती म्हणाली. ती मला तेव्हापासून भाऊ म्हणायला लागली. "तुम्ही माझं काम करताय की तुमच्या साहेबाशी भांडताय?"

दुसरं कोणी असतं तर मी फोन आपटला असता. पण प्रश्न बरोबर होता. गिऱ्हाईकाच्या हिताचं बघितलं तर पंधरा हजार देऊन सुटणं शहाणपणाचं होतं, आणि दुसऱ्या कोणाला मी तेच सांगितलं असतं.

"दोन्ही," मी म्हणालो. "पाच दिवस द्या. नाही झालं तर पंधरा हजार मी माझ्या खिशातून भरतो."

"तुमच्या खिशातून भरले तर पप्पा मला विमानात बसू देणार नाहीत," ती म्हणाली. पण पाच दिवस दिले.

दुसऱ्या दिवशी नगरला गेलो. साहेबाचं आता बायपासला लॉन आहे. लग्नं लागतात तिथे. पांढऱ्या खुर्च्यांची थप्पी मोजून घेत होता.

"अरे ये ये! लई वर्षांनी. चहा घे."

"साहेब, कोल्हारचे साळवे सर. बेचाळीस हजार. शनिवारी आणून दिले होते मी."

"कोन साळवे?"

"मिशनच्या शाळेतले."

"आरं, जुनं झालं ते. एजन्सी बंद झाली, बँकेचा आन् माझा हिशोब मिटला."

"तुमचा मिटला. सरांचा नाही मिटला."

"सही हाय का माझी कुठं? कागद हाय?"

"माझा हाय. मी लिहून दिलंय बँकेला."

त्याच्या हातातली खुर्ची तशीच राहिली. "म्हंजे तूच अडकशील की, येड्या."

"अडकतो."

"तुझं कमिशन ऱ्हायलं म्हनून हा राग हाय तुझा. खरं बोल. हे धर धा हजार, आन् मिटव."

खोटं कशाला बोलू, राग त्याचाही होता. एकसष्ट हजारातले दहा तो पहिल्यांदाच काढत होता. माझा हात क्षणभर नोटांकडे सरकला असावा, कारण साहेब हसला. त्या हसण्याने मला वाचवलं. चहा तसाच ठेवून मी उठलो.

तिकिटाला सात दिवस असताना बँकेच्या तक्रार अधिकारी मॅडमचा फोन आला. आवाज थंड, काम चोख. "आम्ही रेकॉर्ड तपासलं. त्या महिन्यात ही फाइल त्याच एजन्सीकडे दिलेली होती. तुमचं नाव एजंटच्या यादीत आहे. सेटलमेंटला मंजुरीही झालेली दिसते. रक्कम जमा नाही."

"तेच तर मी लिहिलंय."

"तुम्ही जे लिहून दिलंय त्याचे परिणाम तुम्हाला माहीत आहेत?"

"आहेत."

"मग हे का करताय? तुमचा यात काय फायदा?"

"मॅडम, पावती मी द्यायची होती. ती देतोय. सात वर्षं उशीर झालाय."

"कळवते" म्हणाल्या.

पाच दिवस उरले असताना मेल आला. खातं बंद. बाकी शून्य. कंपनीकडून फाइल परत घेतली, क्रेडिट रेकॉर्ड महिनाभरात दुरुस्त होईल. रूथने फोनवर वाचून दाखवलं आणि पुढचं वाक्य वाचताना तिचा आवाज बदलला. ग्राहकाशी असलेले संबंध लक्षात घेऊन, सद्भावना म्हणून हा निर्णय घेतला आहे, असं लिहिलं होतं. बेचाळीस हजारांचा उल्लेख नाही. पैसे भरले होते, असं एका अक्षराने नाही.

"सद्भावना!" मी ओरडलो. "आपल्यावर उपकार करतायत का ते?"

"भाऊ, रागवू नका. फोन बंद होतील."

"तुम्हाला कागद पाहिजे होता. पैसे भरले असं लिहिलेला."

"आहे ना. तुमचं प्रतिज्ञापत्र. त्याची कॉपी पासपोर्टच्या फाइलमध्ये ठेवलीय मी."

"ते जर्मनीत कशाला लागणार?"

"लागणार नाही. माझ्याजवळ असू दे."

माझ्या सहीचा कागद कोणी जपून ठेवावा, असं याआधी घडलं नव्हतं. लोक माझ्या सह्यांपासून लांब पळायचे.

ती गेली. एफडीचा फॉर्म सरांनी पाठकोरा म्हणून वापरला, त्यावर जर्मनीच्या आणि इथल्या वेळेचं कोष्टक मांडलं. आता रविवारी उपासना झाली की मला त्यांचा फोन येतो. रूथला तिकडे म्हातारे पेशंट फार आवडतात, कारण ती त्यांना दमात घेऊन जेवायला लावते. बाजारात भेंडी मिळते, पण सोन्याच्या भावाने. मागच्या वेळी म्हणाले, "अकराशे रुपये पोचले का?" मी म्हटलं, "पोचले, आणि पावतीही पाठवलीय पोस्टाने." म्हणाले, "हो, आली. लॅमिनेट करून घेतली." त्यांचा विनोद होता की खरंच केली, अजून कळलेलं नाही.

वाचणाऱ्याने धडा घ्यायचा तर साधा आहे. पैसे देताना समोरचा माणूस चांगला आहे की वाईट, याचा विचार करू नका. चांगला असेल तर पावती देताना त्याला राग येणार नाही. आणि मिटल्याचं पत्र हातात येईपर्यंत काहीही मिटलेलं नसतं.

पण माझं काम अजून झालेलं नाही. साळवे सरांचं घर एकटं नव्हतं. साहेबाकडच्या शेवटच्या दोन वर्षांत मी राहुरी ते बाभळेश्वर पट्ट्यात अशा आणखी नऊ घरांतून सेटलमेंटची रोख घेतली, पावती न देता, साहेबाच्या सांगण्यावरून. नावं आठवली तशी लिहून मी बँकेला दिली आहेत. तीन महिने झाले, उत्तर नाही. माझं उत्तर मी स्टॅम्प पेपरवर दिलंय, हवं तर माझ्यावर केस टाका, मी कोर्टात येईन. पण आमच्या गळ्यात बँकेचं ओळखपत्र बँकेनेच घातलं होतं. तेव्हा बँकेने साहेबाला समोर बसवावं, आणि मलाही बसवावं, आणि त्या नऊ घरांना लेखी सांगावं, तुमचे पैसे कोणी खाल्ले. सद्भावना नको. नावानिशी उत्तर पाहिजे.